क्षोभांक

ॲडव्होकेट मुजावरांनी करार दोनदा वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि समोर बसलेल्या बापलेकांकडे पाहिलं.

"सोळा कलमं नेहमीचीच आहेत," ते म्हणाले. "सतरावं नवीन आहे. तेवढं समजून घे, मग सही कर."

इंद्रजित आयरेकर तेव्हा बावीस वर्षांचा होता. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत वाढलेला, सोळाव्या वर्षापासून पेठेच्या फुटबॉल संघात बचावफळी सांभाळणारा. पुण्याच्या भीमथडी क्लबने त्याला तीन वर्षांसाठी मागितलं होतं. पगाराशिवाय नव्वद लाखांचा साइनिंग बोनस मिळणार होता, तोही सही करताच. त्याचे वडील आबा फाउंड्रीत मोल्डर म्हणून वाळूचे साचे करत चौतीस वर्षं उभे राहिलेले. सकाळपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते आणि आता खुर्चीच्या कडेवर बसून वकिलांचं तोंड बघत होते. मुजावर त्यांचे जुने मित्र. दोघं एकेकाळी एकाच संघातून खेळलेले.

"पूर्वीच्या करारात गैरवर्तन म्हणजे केलेली गोष्ट," मुजावर सांगू लागले. "पंचाच्या अंगावर गेला, दारू पिऊन गाडी ठोकली, सट्टेवाल्याशी बोलला. मग क्लब नोटीस काढणार, खेळाडूचं ऐकून घेणार, दंड करणार, फारच झालं तर करार मोडणार. सहीचे पैसे परत मागायचे की नाही, यावर तेव्हाही भांडणं व्हायची. खेळाडू म्हणायचा, सही केली तेव्हाच ते माझे झाले. क्लब म्हणायचा, जेवढे महिने खेळला नाहीस तेवढ्यांचे आण. पण काही झालं तरी आधी काहीतरी घडावं लागायचं."

"आणि आता?" इंद्रजितने विचारलं.

"आता घडावं लागत नाही."

गळ्याखालच्या हाडाजवळ, कातडीच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक बसवायचा. मूळ कल्पना डॉक्टरांची होती, खेळाडूंच्या दुखापती टाळण्यासाठी. पेशींच्या मधल्या द्रवात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन किती आहे, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर कसं बदलतंय, मानेतल्या मज्जातंतूतून मेंदूकडे काय चाललंय, हे तो दाणा दर सेकंदाला मोजायचा. हजारो खेळाडूंच्या अशा नोंदी संगणकाला शिकवल्यावर एक अनपेक्षित गोष्ट हाती आली. माणसाचा तोल सुटण्याआधी साधारण चाळीस सेकंद त्याचं शरीर ते सांगत असतं. धावण्यामुळे वाढलेले ठोके वजा करून जो आकडा उरतो त्याला क्षोभांक म्हणू लागले. शांत बसलेल्या माणसाचा तीस, वाहतुकीत अडकलेल्याचा पंचेचाळीस, आणि सत्तरच्या पुढे गेलेला माणूस काय करेल याचा भरवसा नाही.

पुढचं काम विमा कंपन्यांनी केलं. खेळाडूचा तोल सुटल्याच्या एका चित्रफितीमुळे प्रायोजक पळून जायचे, आणि ते नुकसान या कंपन्या भरून द्यायच्या. त्यांनी अट घातली की साइनिंग बोनसचा विमा हवा असेल तर दाणा चोवीस तास चालू राहील, मैदानात आणि घरीही. आकडा सत्तरच्या वर गेला की एक नोंद. कराराच्या मुदतीत तीन नोंदी झाल्या की ते गैरवर्तन धरलं जाईल आणि बोनसची सगळी रक्कम तीस दिवसांत परत.

"म्हणजे राग आला तरी गुन्हा?" आबा म्हणाले.

"राग येणार असं यंत्राला वाटलं तरी."

आबांनी कराराचा कागद हातात घेतला. त्यांच्या मनात काय चाललंय ते इंद्रजितला कळत होतं. थोरला भाऊ रणजित त्याच्यापेक्षा चांगला खेळायचा. एका अंतिम सामन्यात त्याने लाइनमनच्या कानाखाली वाजवली आणि दोन वर्षांची बंदी ओढवून घेतली. बंदी संपेपर्यंत कारखान्याच्या संघातली नोकरी गेली होती. आता तो टेम्पो चालवायचा.

"कर सही," इंद्रजितच स्वतःला म्हणाल्यासारखा बोलला. गेल्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी घरात माळ्यापर्यंत आलं होतं. सात वर्षांत तिसऱ्यांदा. आई तेव्हापासून महत्त्वाचे कागद पिशवीत घालून दाराला टांगून ठेवायची. नव्वद लाखांत शहराच्या दक्षिणेला उंचावर तीन खोल्यांचा फ्लॅट येत होता.

त्याने सही केली. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कुठल्याही सामन्याला, हरो वा जिंको, रडायचेच.

*

आकडा सत्तरच्या जवळ आला की दाणा कातडीखाली हलकं थरथरायचा. साठला एकदा, पासष्टला दोनदा, सत्तर ओलांडले की तीनदा; नेमका आकडा मनगटावरच्या पट्टीवर दिसायचा. खेळाडूला सावध करण्यासाठी ही सोय दिली होती.

पहिल्या काही आठवड्यांत इंद्रजितला ती थरथर सारखी जाणवायची. क्लबच्या मानसशास्त्रज्ञाने त्याला श्वासाचे प्रकार शिकवले, नजर एका ठिकाणी रोवायला शिकवलं, मनात पाढे म्हणायला लावले. एकोणीसचा पाढा त्याला चांगला लागू पडला. समोरचा फॉरवर्ड कोपर मारून हसला की तो एकोणीस, अडतीस, सत्तावन्न करत आपल्या जागेवर जायचा. डिसेंबरपर्यंत त्याला एकही पिवळं कार्ड मिळालं नव्हतं. वर्तमानपत्रांनी त्याला 'थंड डोक्याचा आयरेकर' म्हणायला सुरुवात केली. घरी फ्लॅटच्या किल्ल्या आल्या होत्या. आईने कागदांची पिशवी कपाटात ठेवली.

पहिली नोंद झाली ती रणजितला मुलगी झाली तेव्हा.

"काका झालास, इंद्या," रणजित फोनवर ओरडत होता. मागे बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि आबा कोणाला तरी पेढे आणायला पिटाळत होते. इंद्रजित सरावाच्या मैदानाशेजारी उभा होता. त्याला हसू आवरेना, डोळे भरून आले, आणि गळ्याखाली तीनदा थरथरलं. त्र्याहत्तर.

मुजावरांनी क्लबला लांबलचक पत्र पाठवलं. चार ओळींचं उत्तर आलं. संवेदक क्षोभाचं कारण नोंदवत नाही, प्रमाण नोंदवतो. करारात कारणाचा उल्लेख नाही. शास्त्र म्हणून ते खरंच होतं. शरीराला आनंद, भीती, संताप, दुःख यांच्यासाठी वेगवेगळी रसायनं नसतात. तीच थोडीशी द्रव्यं सगळीकडे धावतात आणि नाव आपण मागाहून देतो.

दुसरी नोंद पुढच्या वर्षी झाली. पुन्हा रणजितचाच फोन.

"आबांचं फुप्फुस गेलंय. वाळूची धूळ. डॉक्टर म्हणालेत सिलिकोसिस, आता मागं फिरणार न्हाई. ऑक्सिजन लावलाय."

अठ्ठ्याहत्तर.

आता एकच उरली होती. त्या दिवसापासून इंद्रजितने घरचे फोन घ्यायचं बंद केलं. रणजितला त्याने निरोप पाठवला की जे असेल ते लिहून मुजावर काकांकडे दे, काका क्लबला कळवतील, आणि मानसशास्त्रज्ञ मला हळूहळू सांगतील. रणजितने त्यावर फक्त 'बरं' असं लिहिलं.

महिन्यातून एकदा तो कोल्हापूरला जायचा. नव्या फ्लॅटमध्ये खिडकीशी पलंग लावला होता. आबा उशांना टेकून बसलेले असायचे, नाकात नळी, छाती भात्यासारखी वरखाली. इंद्रजित खुर्ची घेऊन बसायचा आणि त्यांच्याकडे न बघता ऑक्सिजनच्या यंत्रावरचे आकडे बघायचा. आकडे सोपे होते. एकदा आबांनी हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. हात हलका झाला होता, पण तळव्याचे घट्टे तसेच होते. गळ्याखाली एकदा थरथरलं, मग दोनदा. इंद्रजितने मनगट सोडवून घेतलं.

आबांनी हात परत चादरीवर ठेवला.

"किती झालं?" त्यांनी विचारलं.

"पासष्ट."

"मग जा तू. उगं थांबू नकोस." दम लागला म्हणून ते थांबले. "मॅच असंल की."

दारात आई उभी होती. तिने डबा भरून दिला, तो त्याने घेतला.

*

आता या यंत्राची दुसरी बाजू सांगायला हवी, जी ते बनवणाऱ्यांच्याही उशिरा लक्षात आली. ज्या गोष्टीचं मोजमाप माणसाला क्षणोक्षणी कळत राहतं, ती गोष्ट तो नकळत बदलायला शिकतो. पोहायला शिकतो तसंच हेही. सुरुवातीला इंद्रजित थरथर झाल्यावर पाढा म्हणायचा. मग थरथर होण्याआधीच पाढा सुरू व्हायला लागला. मग पाढ्याचीही गरज उरली नाही. काही मनाला लागणार असं दिसलं की आतून दार लागायचं, त्याने न लावता. तिसऱ्या वर्षी दाणा एकदाही थरथरला नाही. क्षोभांक वीसच्या खाली आला, झोपलेल्या माणसाचा असतो त्याहूनही कमी. इंद्रजितला हे चांगलं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं नाही.

आबा फेब्रुवारीत एका मंगळवारी सकाळी गेले.

इंद्रजित दुपारी पोचला. पेठेतली सगळी माणसं आली होती, जुन्या संघाचे खेळाडू, फाउंड्रीतले सोबती. तिरडीला त्याने खांदा दिला. चालताना तो थरथरीची वाट बघत होता. ती आली की श्वास धरायचा, नजर समोरच्याच्या पाठीवर ठेवायची, सगळं त्याने ठरवून ठेवलं होतं. थरथर आली नाही. नदीकाठच्या स्मशानात रणजितने अग्नी दिला आणि तो तिथेच खाली बसून हुंदके देऊ लागला. दोघातिघांनी त्याला धरलं. इंद्रजितने मनगटावरच्या पट्टीकडे पाहिलं. अकरा.

मग त्याने मुद्दाम प्रयत्न केला. आबा त्याला सायकलच्या दांडीवर बसवून मैदानावर न्यायचे ते आठवलं. त्यांच्या शर्टाला येणारा जळक्या वाळूचा वास आठवला. सगळं स्पष्ट आठवत होतं, एखाद्या दुसऱ्याच्या घरातल्या फोटोंसारखं. पट्टीवर अकराचे बारा झाले आणि पुन्हा अकरा.

तो रक्षाविसर्जनाला थांबून चौथ्या दिवशी सरावाला हजर झाला.

*

नोटीस मार्चमध्ये आली. विमा कंपनीच्या संगणकाने तो मंगळवार वेगळा काढला होता. सख्ख्या वडिलांच्या अंत्यविधीत क्षोभांक अकरा राहणं शरीरशास्त्राला धरून नाही, असं त्यात लिहिलं होतं. खेळाडूने एकतर औषध घेतलं असावं किंवा संवेदकात ढवळाढवळ केली असावी. कलम सतराच्या पोटकलमाप्रमाणे मापनात फसवणूक हे सर्वांत गंभीर गैरवर्तन. नोंदी मोजायची गरज नाही. करार रद्द, नव्वद लाख परत, आणि फसवणूक झाली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी खेळाडूची.

रक्ताच्या तपासणीत काही सापडलं नाही. दाणा काढून तपासला, तो ठीक होता, म्हणून परत बसवला. कंपनी म्हणाली, अशी औषधं चार दिवसांत शरीरातून निघून जातात.

"आता एकच मार्ग आहे," मुजावर म्हणाले. गेल्या तीन वर्षांत ते बरेच म्हातारे दिसायला लागले होते. "तुला त्या दिवशी काहीच वाटलं नाही, हे खरं आहे असं आपण दाखवून द्यायचं. साक्षीदार लागेल. रणजितला बोलवावं लागेल."

"बोलवा," इंद्रजित म्हणाला.

मुजावरांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. "मी तुझ्या बापाबरोबर खेळलोय," ते म्हणाले. मग त्यांनी फाइल मिटली.

सुनावणी पुण्यात, क्लबच्या कार्यालयात होती. रणजितबरोबर आई पण आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. आत जायच्या आधी तिने इंद्रजितला व्हरांड्यात गाठलं.

"इंद्या, एक विचारायचंय. तू गोळी घेतली हुतीस न्हवं?"

"नाही, आई."

"घेतली असशील तर सांग. मी कुणाला न्हाई सांगणार." ती त्याचा चेहरा वाचत होती, आणि तिच्या आवाजात आशा होती. "आबांचं सोसणार न्हाई म्हणून घेतली असशील. त्यात काय चूक हाय? आत जाऊन तसंच सांग. घर जाऊ दे. आमी परत पेठेत ऱ्हातो. पाण्यात दिवस काढल्यात की आमी."

"मी गोळी घेतली नव्हती."

"मग घेतली म्हण," आई म्हणाली. "माझ्यासाठी म्हण."

मुजावर दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, बोलावलंय."

टेबलापलीकडे तिघंजण बसले होते. निवृत्त न्यायाधीश, विमा कंपनीचे डॉक्टर, आणि क्लबच्या कायदा अधिकारी मृणाल काळसेकर. काळसेकरबाईंनी आधी आबांबद्दल दुःख व्यक्त केलं, आणि ते मनापासून होतं.

रणजितला त्यांनी विचारलं, "अंत्यविधीच्या वेळी तुमचा भाऊ रडला का?"

"न्हाई."

"नंतर? घरी?"

"न्हाई. भाकरी खाल्ली, झोपला. सकाळी उठून पळायला गेला." रणजितच्या हाताच्या मुठी टेबलावर होत्या. "आबा आजारी असताना फोन घेत नव्हता. मी आबांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता, शेवटच्या आठवड्यात. तोही यानं ऐकला न्हाई. बघा, अजून न ऐकलेलाच दाखवतोय."

डॉक्टरांनी मान वर केली. ते काळसेकरबाईंच्या कानाशी काही बोलले. बाई थोड्या अडखळल्या.

"श्री. आयरेकर, हे सक्तीचं नाही. पण तो संदेश तुम्ही इथं, आमच्यासमोर ऐकलात, आणि या पडद्यावर क्षोभांक आजही तसाच खाली राहिला, तर प्रश्नच मिटेल. सकाळी तुमचं रक्त तपासलंय, ते स्वच्छ आहे."

मुजावर उठून उभे राहिले. "हे अमानुष आहे. माझी हरकत आहे."

"चालेल मला," इंद्रजित म्हणाला.

आईने पदर तोंडाशी धरला. भिंतीवरच्या पडद्यावर आकडा आला. बारा.

रणजितने फोन टेबलावर ठेवला. आधी नुसता ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज आला, मग खोकला, मग आबा.

"इंद्या. परवाची मॅच बघितली." दम. "डाव्या अंगाला लई मोकळी जागा सोडालाईस तू. त्यो बॅक पुढं गेला की तू सरकायला पायजेस." पुन्हा खोकला. कोणीतरी त्यांना पाणी दिलं असावं. "माझ्यासाठी येऊ नकोस. घर जपायचंय, मला कळतंय. खरं एकदा फोन लाव. बोलू नकोस पायजे तर. नुसता धरून बस. मी हिकडनं ऐकतो."

संपलं. काळसेकरबाई चष्मा पुसत होत्या. न्यायाधीश खिडकीबाहेर बघत होते. आई पडद्याकडे बघत होती, पोराकडे नव्हे. संदेश चालू असताना एकदा तेरा झाला होता. आता पुन्हा बारा.

इंद्रजितला ठाऊक होतं की या क्षणी आपण खोटं बोलू शकतो. गोळी घेतली होती, आजही घेतलीय, रक्तात सापडत नाही अशी, असं म्हटलं तर पडद्यावरच्या आकड्याला अर्थ राहणार नाही आणि आई घरी जाताना पोरगा घेऊन जाईल. त्याने दोन्ही बाजू नीट तोलून पाहिल्या. एका बाजूला पाणी न येणारं घर होतं, दुसऱ्या बाजूला आईचा चेहरा. घर जड होतं. त्याला ते तोलावं लागलं, हीच गोष्ट भयंकर आहे, हेही त्याला समजलं, गणित समजावं तसं.

"मी काही घेतलेलं नाही," तो म्हणाला. "मला काही वाटलं नाही. आताही वाटत नाही."

निकाल अर्ध्या तासात लागला. आरोप मागे घेतला गेला, करार कायम राहिला. डॉक्टरांनी जाताना इंद्रजितचा हात हातात घेतला आणि विचारलं की नव्या खेळाडूंना हे तंत्र शिकवायला तो तयार होईल का.

खाली गाडीपाशी रणजित टेम्पोची किल्ली बोटात फिरवत उभा होता. त्याने भावाकडे पाहिलं नाही. आई मात्र थांबली. परगावच्या पाहुण्याशी बोलावं तशी हळू, नीट बोलली.

"वेळच्या वेळी जेवत जावा."

तिने त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. ती टेम्पोत चढून बसली.

मुजावरांच्या गाडीत इंद्रजितने तो संदेश पुन्हा लावला. मग पुन्हा. मुजावर गाडी चालवत होते आणि मध्येच मनगटाने डोळे पुसत होते. तिसऱ्या वेळी त्यांनी काकुळतीला येऊन सांगितलं, "बंद कर रे ते." इंद्रजितने आवाज कमी केला आणि फोन कानाशी धरला. शेवटची वाक्यं तो लक्ष देऊन ऐकत होता. नुसता धरून बस. मी हिकडनं ऐकतो. कुठेतरी काहीतरी हलेल म्हणून तो थांबला. गळ्याखालचा दाणा गप्प होता.

चौथ्यांदा ऐकताना त्याचं लक्ष सुरुवातीच्या भागावर गेलं. त्याने डोळे मिटून आबांनी बघितलेला तो सामना आठवला. डावा बॅक पुढे जातो, मागे पंधरा-वीस पावलांची जागा उघडी पडते, आणि आपण मध्येच उभे. आबांचं बरोबर होतं. रविवारपर्यंत ते सुधारायला हवं होतं.